नाशिकच्या मुख्याध्यापकांना खुलं पत्र: कॉम्प्युटरच्या तासाला आधी बोटं शिकवा

नाशिक शहर आणि जिल्ह्यातल्या शाळांचे मुख्याध्यापक, आणि कॉम्प्युटर शिकवणारे सर-मॅडम,

सप्रेम नमस्कार.

थेट मुद्द्यावर येते. पाचवी-सहावीला कॉम्प्युटरचा जो तास असतो ना, त्यातले सुरुवातीचे तीन-चार महिने फक्त कीबोर्डला द्या. पेंट नको, पॉवरपॉइंट नको, वहीत मॉनिटरची आकृती काढून भागांना नावं द्या तेही नको. दहा बोटांनी, खाली न बघता टाइप करणं एवढंच शिकवा, आधी इंग्रजी आणि त्याच्या पाठोपाठ मराठी. बाकीचं बरंचसं मुलं आपलं आपण शोधून काढतात, घरी मोठ्या भावाकडून शिकतात, व्हिडिओ बघून शिकतात. टायपिंगचं तसं होत नाही. ते आपलं आपण करायला गेलं की दोन बोटांची सवय लागते आणि जितकी प्रॅक्टिस होईल तितकी ती सवयच पक्की होत जाते.

मी सिडकोत टायपिंग शिकवते. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलंमुली विशीच्या पुढची, ग्रॅज्युएशन झालेलं, कोणी अंबडच्या कंपनीत डिस्पॅचला बसतं, कोणी पेठ-सुरगाण्याकडून येऊन पंचवटीत रूम करून राहतं आणि दिवसभर अभ्यासिकेत असतं. लिपिक-टंकलेखकाच्या जाहिरातीत मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द मिनिटाला असं लिहिलेलं असतं, स्टाफ सिलेक्शनच्या बारावी लेव्हलच्या परीक्षेत इंग्रजी ३५ नाहीतर हिंदी ३०, आणि ही मुलं इतिहास-भूगोल-चालू घडामोडी सगळं करून लेखी काढतात आणि मग टायपिंगच्या चाचणीपाशी येऊन अडकतात. एवढा अभ्यास केलेली मुलं बोटांपायी मागे राहतात हे बघवत नाही हो.

आणि यातल्या जवळजवळ प्रत्येकाला शाळेत कॉम्प्युटर हा विषय होता! वर्षानुवर्षं होता. एमएस-सीआयटीसुद्धा केलेलं असतं. तरी कीबोर्डवर हात कुठे ठेवायचे असं विचारलं तर सांगता येत नाही, कारण ते कोणी दाखवलेलंच नसतं. दोन तर्जन्या आणि नजर सारखी खाली-वर. मग मी त्यांना नीट बसवते, बोटं जागेवर ठेवायला लावते, आणि पहिले काही दिवस त्यांचा स्पीड वाढायच्या ऐवजी निम्म्याने उतरतो. मिनिटाला २० शब्द मारणारा मुलगा ८ वर येतो. त्यात परीक्षेची तारीख जवळ आलेली, घरून फोन, मग तो म्हणतो मॅडम माझं आधीचंच बरं होतं. काहीजण सोडून देतात. तेविसाव्या वर्षी जुनं विसरून नवं शिकणं फार कठीण जातं, दहाव्या वर्षी विसरण्यासारखं काही नसतंच. पाचवीतल्या मुलाचा हात कीबोर्डवर बऱ्यापैकी पुरतो, लक्ष द्यायची तयारी असते, आणि एकदा बोटांना कळलं की ते आयुष्यभर जात नाही. पेटी शिकवणारे गुरुजी मुलाला पहिल्याच दिवशी कोणतं बोट कुठल्या पट्टीवर ते सांगतात, एका बोटाने महिनाभर वाजव मग बघू असं कोणी म्हणत नाही. कीबोर्डच्या बाबतीत मात्र आपण सगळ्या शाळांनी तेच चालवून घेतलंय.

हे काही नवीन शास्त्र नाहीये. आज आपण वापरतो तो क्वर्टी, म्हणजे वरच्या ओळीत क्यू डब्ल्यू ई आर टी वाय असलेला कीबोर्ड अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या ख्रिस्तोफर शोल्स यांच्या टाइपरायटरवरून आला, त्यांचं पेटंट १८६८ चं, आणि रेमिंग्टन कंपनीने ते मशीन १८७४ मध्ये बाजारात आणलं. सुरुवातीला लोक त्याच्यावर दोन-चार बोटांनी आणि बघून बघूनच टाइप करायचे. मग १८८८ मध्ये सिनसिनाटीला एक गाजलेली स्पर्धा झाली, एका बाजूला लुई ट्रॉब आणि दुसऱ्या बाजूला फ्रँक मॅकगरिन, आणि मॅकगरिनने सगळ्या कीजच्या जागा पाठ केलेल्या होत्या, तो कीबोर्डकडे बघतच नव्हता. तो जिंकला. म्हणजे न बघता टाइप करणाऱ्याचा स्पीड जास्त असतो हे सव्वाशे वर्षांपूर्वीच लोकांसमोर सिद्ध झालंय आणि आपली मुलं अजून एफ शोधतायत.

कारणही साधं आहे. बघून टाइप करणाऱ्याची नजर तीन ठिकाणी फिरते, कागद, कीबोर्ड, स्क्रीन, आणि दर वेळी परत आल्यावर आपण कुठे होतो ते शोधावं लागतं. न बघणाऱ्याची नजर कागदावर नाहीतर स्क्रीनवरच राहते, म्हणून चूक झाली की तिथल्या तिथे दिसते. टायपिंगमध्ये एक शब्द म्हणजे पाच स्ट्रोक धरतात, स्पेससकट. मिनिटाला १५ शब्दांनी ३०० शब्दांचं एक पान करायला २० मिनिटं लागतात, ४० शब्दांनी साडेसात. आता हा फरक प्रोजेक्ट, असाइनमेंट, अर्ज, ईमेल, नोकरीतला रोजचा रिपोर्ट अशा सगळ्याला लावून बघा. आणि वेळेपेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, की बोटं आपोआप चालली की डोकं विचाराला मोकळं राहतं. ज्या मुलाचं अर्धं लक्ष पी कुठे आहे यात जातं त्याला वाक्य सुचलेलं असतं ते विसरून जातं.

आता शिकवायचं कसं, कारण बऱ्याच शाळांत टायपिंग शिकवणारं वेगळं माणूस नसतं आणि ते लागतही नाही.

कीबोर्डवर एफ आणि जे या दोन कीजवर छोटा उंचवटा असतो. अनेक मुलांनी तो कधी बघितलेलाच नसतो. डोळे मिटून डावी तर्जनी एफवर आणि उजवी जेवर आणायची, बाकीची बोटं ओळीने पडतात, डावीकडे ए एस डी एफ, उजवीकडे जे के एल सेमीकोलन. अंगठे स्पेसबारवर. आमच्या सगळ्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये पिढ्यानपिढ्या पहिला धडा तोच, एएसडीएफजीएफ आणि सेमीकोलन एलकेजेएचजे. मुलांना कंटाळवाणा वाटेल म्हणून तो टाळू नका, फक्त एका वेळी दहा मिनिटांच्या वर करून घेऊ नका. नियम एवढाच की बोट वरच्या किंवा खालच्या ओळीत जाऊन की दाबेल आणि घरी, म्हणजे मधल्या ओळीतल्या आपल्या जागेवर परत येईल. डाव्या तर्जनीकडे आर टी जी व्ही बी, उजवीकडे यू वाय एच एन एम. शिफ्ट नेहमी उलट्या हाताच्या करंगळीने, म्हणजे उजव्या हाताचं अक्षर कॅपिटल हवं असेल तर डावी करंगळी. बघून टाइप करणारी मुलं एका कॅपिटल अक्षरासाठी कॅप्स लॉक चालू करतात, अक्षर मारतात, परत बंद करतात, ही सवय पहिल्या आठवड्यातच मोडा. पुढे पासवर्ड चुकतोय चुकतोय म्हणून रडकुंडीला आलेली माणसं सेवा केंद्रावर बघितलीत तर त्यातल्या काहींचा कॅप्स लॉकच चालू राहिलेला असतो.

सुरुवातीला स्पीड अजिबात मोजू नका. हे मी हात जोडून सांगते. स्पर्धा लावली, पहिला नंबर काढला की मुलं लगेच खाली बघायला लागतात. अचूकता बघा. शंभर अक्षरांत पाचपेक्षा जास्त चुका असतील तर पुढचा धडा नाही, एवढं एकच बंधन. आणि धडा चालू असताना बॅकस्पेस नाही, कारण चुकलं की खोड, चुकलं की खोड करण्यात लय तुटते, लय तुटली की बोट परत भटकतं. हात झाकायला रुमाल चालतो, नाहीतर बुटाच्या खोक्याचं झाकण घ्या, एका बाजूने हात जातील एवढं कापा आणि कीबोर्डवर पालथं घाला. यात फारसा खर्च नाही.

मला माहितीये तुम्ही म्हणाल एका मशीनवर दोन-दोन तीन-तीन मुलं बसतात. बसू देत की. एक टाइप करेल, दुसरा त्याच्या नजरेवर लक्ष ठेवेल, खाली बघितलं की सांगेल, दहा मिनिटांनी जागा बदलायच्या, आणि तिसऱ्याकडे पुठ्ठ्यावर खऱ्या मापाने काढलेला कीबोर्ड द्या, त्याच्यावर बोटं फिरवली तरी जागा पाठ होतात. लाइट गेली तरी पुठ्ठा चालतो, आणि दिंडोरी-त्र्यंबककडच्या शाळांना हे सांगायची गरज नाही की लाइट जाते. सॉफ्टवेअरलाही पैसे लागत नाहीत, टक्स टायपिंग, केटच असे प्रोग्राम फुकट आहेत, एकदा टाकले की इंटरनेटशिवाय चालतात.

खुर्चीकडे मात्र बघा प्लीज. बऱ्याच लॅबमध्ये खुर्च्या मोठ्या माणसांच्या मापाच्या असतात, मुलांचे पाय लोंबकळतात, खांदे वर चढतात, मनगट टेबलाच्या कडेवर दाबलं जातं. पायाखाली पाट नाहीतर लाकडी ठोकळा द्या, कोपर साधारण काटकोनात येईल एवढी उंची ठेवा, टाइप करताना मनगट टेकलेलं नको. लहानपणी वाकडं बसायची सवय लागली की ती पुढे ऑफिसपर्यंत जाते.

आणि कीबोर्ड म्हणजे फक्त अक्षरं नाहीत. टॅब दाबला की फॉर्मच्या पुढच्या रकान्यात जाता येतं, शिफ्ट टॅबने मागे, हे माहीत नसल्यामुळे लोक शिष्यवृत्तीचा अख्खा फॉर्म माउसने एकेका चौकटीत क्लिक करत भरतात. बॅकस्पेस डावीकडचं खोडतं आणि डिलीट उजवीकडचं. ओळ संपली की एंटर मारायचं नाही, ती आपोआप खाली जाते, एंटर परिच्छेद संपल्यावर. मजकूर मधोमध आणायला स्पेसबार वीस वेळा दाबायचा नाही. कंट्रोल झेडने शेवटचं केलेलं मागे घेता येतं, हे कळलं की मुलांची भीतीच जाते, मग ती बिनधास्त करून बघतात. उजवीकडच्या आकड्यांच्या पॅडवर ५ वर पण उंचवटा असतो, मधलं बोट तिथे. कॉमर्सला जाणाऱ्या मुलांना, पुढे कुठल्या ऑफिसात हिशोबाला बसणाऱ्यांना ते फार उपयोगी पडतं.

आता मराठी. हा माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मराठी टाइप करायचं म्हटलं की मुलं इंग्रजी अक्षरांत शब्द लिहितात आणि खाली जो पर्याय येईल तो निवडतात. मोबाईलवर चॅट करायला ठीक आहे, माझं काही म्हणणं नाही. पण त्यात शब्द आधी मनात इंग्रजी स्पेलिंगमध्ये येतो, न का ण, ल का ळ, ऱ्हस्व का दीर्घ हे मूल ठरवत नाही, यादी ठरवते. पर्याय बघायला दर शब्दाला थांबावं लागतं ते वेगळंच, म्हणजे न बघता टाइप करण्याचा सगळा फायदा गेला.

त्यापेक्षा इन्स्क्रिप्ट शिकवा. हा आपल्या देशाचा प्रमाणित लेआउट, म्हणजे कोणत्या कीवर कोणतं अक्षर याची मांडणी आहे, १९९१ च्या भारतीय मानकात तो आहे, विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की फुकट मिळतो, विंडोज आणि स्पेस दाबलं की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. जुने टाइपरायटरवाले रेमिंग्टन पद्धतीने टाइप करतात, त्यांचा हात बसलाय, त्यांनी बदलायची काही गरज नाही, त्यांचा स्पीड बघून मलाच छान वाटतं. पण कोऱ्या पाटीच्या मुलाला इन्स्क्रिप्टच द्यावा असं माझं ठाम मत आहे, कारण तो वर्णमालेवर रचलेला आहे आणि वर्णमाला मुलाला आधीच येते. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. के वर क, शिफ्ट केलं की ख. आय वर ग, शिफ्ट केलं की घ. त-थ, द-ध, प-फ, ब-भ सगळ्या जोड्या अशाच एकेका कीवर. एफ वर ऱ्हस्व वेलांटी आणि शिफ्ट एफवर इ, एस वर एक मात्रा आणि शिफ्ट एसवर ए. पाठ करायचं ओझं निम्मं होतं बघा.

मधल्या ओळीत डावीकडे ओकार, एक मात्रा, हलन्त (अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह), ऱ्हस्व वेलांटी आणि पहिला उकार आहे, आणि उजवीकडे प र क त च ट. एवढ्यावरच पहिल्या दिवशी पोपट, कोपर, रोप, कुत्रे, चित्र हे शब्द होतात. चित्रपट हा अख्खा शब्द मधल्या ओळीतून न हलता टाइप होतो, मुलांना हे दाखवलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात! मग वरच्या ओळीतला काना आला की शब्दच शब्द. नाशिक लिहायचं तर न, काना, श, वेलांटी, क. वेलांटी श च्या नंतर, जसं आपण बोलतो तसं, कागदावर ती आधी दिसत असली तरी. त्र्यंबक म्हणजे त, हलन्त, र, हलन्त, य, अनुस्वार, ब, क. जोडाक्षर कशाकशाचं बनलंय हे मुलाला टाइप करताना फोडून बघावंच लागतं, आणि याचा शुद्धलेखनाला जो उपयोग होतो तो मी डोळ्यांनी बघितलाय, मराठीच्या बाईंना विचारा, त्याही हो म्हणतील.

शिवाय हे सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत होतं. जुन्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर दुसऱ्या मशीनवर, जिथे तो फॉन्ट नाही, उघडला की भलतीच अक्षरं दिसतात, शोधता येत नाही, ईमेलमध्ये टाकता येत नाही. युनिकोडमधलं मराठी कुठेही मराठीच राहतं.

काही पालक म्हणतात आता बोलून टाइप होतं, कशाला एवढा खटाटोप. चाळीस मुलांच्या वर्गात सगळी एकदम बोलून टाइप करतील का? ऑफिसात शेजारी माणूस बसलेलं असताना पगाराचं, आजारपणाचं, तक्रारीचं पत्र मोठ्याने बोलून लिहिता येतं का? आणि बोलून आलेला मजकूर दुरुस्त करायला हात लागतातच, नावं चुकतात, विरामचिन्हं राहतात. प्रोग्रामिंग शिकायचं असलेल्या मुलाला तर कंस आणि सेमीकोलन क्षणोक्षणी लागतात, सेमीकोलन तर उजव्या करंगळीखालीच आहे. बोलून टाइप करण्याला माझा विरोध नाही, पण तेवढ्यावर मुलाला सोडून देऊ नका.

ज्यांच्या घरी लॅपटॉप आहे, कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या क्लासची फी ज्यांना परवडते त्यांची मुलं कुठून तरी शिकतीलच. मला काळजी आहे ती महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या, कामगार वस्तीतल्या, आश्रमशाळेतल्या मुलांची, ज्यांचा कीबोर्डला हात लागतो तो फक्त शाळेत, आठवड्यातून एकदा किंवा दोनदा. तो वेळ पुस्तकातली व्याख्या फळ्यावरून उतरवून घेण्यात गेला तर त्यांना दुसरीकडे कुठे मिळणार? पुढे तीच मुलं माझ्याकडे किंवा माझ्यासारख्या दुसऱ्या कोणाकडे पैसे साठवून येतात, आणि जे त्यांना शाळेत फुकट मिळायला हवं होतं ते विकत घेतात. माझा धंदा यावर चालतो, तरी मी हे लिहितेय, कारण हे बरोबर नाही.

२७ फेब्रुवारीला आपल्याकडे मराठी भाषा गौरव दिन मोठ्या प्रेमाने होतो, तात्यासाहेबांचं, म्हणजे कुसुमाग्रजांचं गाव आहे हे, व्हायलाच हवा. हस्ताक्षर, निबंध, काव्यवाचन सगळं असतं. त्या दिवशी सहावीतली पाच-सहा मुलं स्टेजवर बसवा, हातांवर रुमाल टाका, आणि त्यांनी पालकांसमोर पाच ओळी मराठी टाइप करून दाखवाव्यात, मागे पडद्यावर अक्षरं उमटताना सगळ्यांना दिसू देत. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आपण सगळ्यांनी आनंद केला. मग ती भाषा मुलांच्या बोटांत पण यायला नको का?

जून आला की शाळा उघडतात आणि वेळापत्रक त्याआधी ठरतं, म्हणून आत्ता लिहिलं. आठवड्याला एकच तासिका असेल तर ती दोन अर्ध्या भागांत विभागून दोन वेगळ्या दिवशी द्या, बोटांना थोडं थोडं आणि वारंवार लागतं. आणि सर-मॅडम, तुम्हालाही दहा बोटांनी येत नसेल तर मुलांबरोबरच शिका, मुलांना ते आवडतं, आणि सर पण रुमाल टाकून बसलेत म्हटल्यावर वर्गात कोणी खाली बघत नाही. ज्या शाळेच्या शिक्षकांना सुरुवात कशी करायची ते प्रत्यक्ष बघायचं असेल त्यांनी शनिवारी दुपारी माझ्या क्लासला यावं, त्या वेळी बॅच नसते, मशीन रिकाम्या असतात, फी काही नाही. पुठ्ठ्याच्या कीबोर्डचं माप मी काढून ठेवलंय, झेरॉक्स घेऊन जा.

आपली,
सिडकोतली एक टायपिंग शिक्षिका